भिजलेली अमानत

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये माझ्या हातून चहा सांडला आणि टेबलावरचा पेन ड्राइव्ह भिजला. तो माझा नव्हता. एका वयस्क सहकारी आपांनी कॉपी काढण्यासाठी विश्वासाने दिला होता. त्यात त्यांच्या मरहूम अब्बांचा आवाज होता. दुसरी प्रत नव्हती.

चालतो का, हे पाहण्यासाठी मी तो लगेच कॉम्प्युटरला लावणार होते. संगणकाच्या सरांनी हात धरला. त्यांनी समजावले की नुसत्या पाण्याने माहिती पुसली जात नाही. चिपमधली माहिती वीज नसतानाही टिकते. ओल्या अवस्थेत वीज मिळाली, की शॉर्टसर्किट होऊन घात होतो. चहाचे पाणी उडून गेले तरी साखर आणि क्षार मागे राहतात, टाके गंजतात. म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवून भागत नाही. कव्हर उघडून आधी डिस्टिल्ड वॉटरने, मग ९० टक्क्यांहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुवायचे आणि पूर्ण सुकू द्यायचे. नंतर चालू झालाच, तर ऐकत न बसता आधी कॉपी काढायची.

प्रश्न पुढेच होता. आपांना सांगायचे का? मनाने सल्ला दिला: दुरुस्त झाला तर सांगायची गरजच नाही, उगाच त्यांचे काळीज कशाला दुखवायचे? ही मला दया वाटली. रात्री झोप लागेना, तेव्हा कळले की ती दया माझी माझ्यावरच होती. घाईने लावून पाहणे आणि गप्प राहणे, दोन्ही माझ्याच जिवाच्या दिलाशासाठी.

अमानतदाराने हयगय केली नसेल, तर नुकसान त्याच्यावर येत नाही, असे फिकह सांगतो. पण पेन ड्राइव्हशेजारी कप ठेवणे ही हयगय होती की नव्हती? याचा निवाडा मीच कसा करणार? शिवाय अमानत म्हणजे केवळ वस्तू नव्हे. तिची हालत काय आहे, हे जाणण्याचा हक्कही मालकाचाच. तो आम्ही धुवावा की एखाद्या जाणकार लॅबमध्ये द्यावा, हे ठरवणारी मी कोण?

सकाळी आपांना सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लावून तर नाही ना पाहिलास?"

"नाही."

"मग माझ्यासमोर धुवा."

दोन दिवस सुकवल्यावर तो चालू झाला. आपांच्या हातात दोन प्रती दिल्या.

लोक म्हणतात, खरे बोललीस म्हणून अल्लाहने लाज राखली. मला हे पटत नाही. तो आवाज कायमचा गेला असता, तरी सांगणे तितकेच योग्य ठरले असते. उलट न सांगता तो चालू झाला असता, तर त्या यशानेच माझे खोटे कायमचे झाकले असते. मला भीती वाटते ती त्या यशाची.