मतैक्य : लादलेले आणि लाभलेले

निवडणुका जवळ आल्या की घरातील वडीलधारी मंडळी सहज बोलून जातात, "आपल्या घरची मते फुटता कामा नयेत." या बोलण्यामागे बहुधा लोभ नसतो. आपली माणसे आपल्यासारखाच विचार करणारी असावीत, एवढीच ओढ असते. आपल्याला जे खटकते तेच भावाला, जुन्या मित्राला खटकले की माणसाला बळ येते. मात्र या ओढीतूनच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. आप्तेष्टांमध्ये राजकीय मतैक्य शोधायचे, की ते घडवून आणायचे?

जवळच्या नात्यात मतैक्य गृहीत धरता येत नाही, याची साक्ष सोलापूरचा इतिहास देतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटून उठले. १२ मे रोजी येथे मार्शल लॉ पुकारण्यात आला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चौघांची घरे निराळी, समाज निराळे. त्यांना एकत्र आणणारा विचार जन्माने मिळालेला नव्हता. तो प्रत्येकाने स्वतः स्वीकारलेला होता. म्हणूनच त्याची किंमत मोजण्याची त्यांची तयारी होती.

याच्या उलट उदाहरण टिळक-आगरकरांचे. डेक्कन कॉलेजात जुळलेली मैत्री, १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल, पाठोपाठ 'केसरी' आणि 'मराठा', १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेले एकशे एक दिवस. इतके सारे समान असूनही आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, या प्रश्नावर दोघे दुरावले. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढले आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी दोघे उघड परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले. दोघांच्याही देशप्रेमाविषयी आज कोणी शंका घेत नाही. ध्येय एक असले तरी मार्गाचा क्रम वेगळा असू शकतो, आणि तो वेगळेपणा म्हणजे द्रोह नव्हे.

मग खरे मतैक्य सापडते कोठे? पक्षाच्या नावापासून सुरुवात केली तर ते क्वचितच सापडते. समोरच्या अडचणीपासून सुरुवात केली तर पुष्कळदा सापडते. पाण्याचेच पाहा. उजनीसारखे मोठे धरण जिल्ह्यात असूनही नळाला अनेक दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. घागरी भरून ठेवणाऱ्या दोन शेजारणी वेगवेगळ्या पक्षांना मत देत असतील, पण पाण्याविषयी त्यांचे दुमत नसते. खरी कसोटी पुढेच आहे. मामाचा ऊस त्याच भीमेच्या पाण्यावर उभा आहे आणि भाची शहरात हंडा घेऊन बसली आहे. येथे कोणी खोटे बोलत नाही. दोघांचीही गरज खरी आहे. मामाने भाचीचा रिकामा हंडा आणि भाचीने मामाचे वाळणारे पीक क्षणभर आपले मानले, तर वाटपाची न्याय्य रीत कोणती, यावर बोलणे शक्य होते. तेथे लाभलेले थोडेसे एकमतही घोषणांच्या मोठ्या एकमतापेक्षा मोलाचे ठरते.

हल्ली मोबाईलवर समविचारी माणसे चुटकीसरशी भेटतात. तेथे न पटणाऱ्याला वगळता येते. घरात तसे करता येत नाही. सायंकाळी त्याच्याच शेजारी पान वाढून घ्यावे लागते. घराची ही अडचण हेच वस्तुतः त्याचे वैभव आहे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात हेच मान्य केले आहे. सारख्याच प्रामाणिकपणाने विचार करणारे श्रद्धावंत ऐहिक प्रश्नांवर भिन्न निष्कर्षांना येऊ शकतात आणि ख्रिस्तसभेचा अधिकार केवळ आपल्याच मताच्या पाठीशी आहे, असे कोणी म्हणू नये. जे वेदीसमोर लागू आहे, ते घरच्या जेवणाच्या पानावर लागू का नसावे?

आपल्या देशात मतदान गुप्त असते. सरकारपासून जशी ती गुप्तता आहे, तशीच ती सासऱ्यापासून सुनेला आणि बापापासून मुलालाही आहे. मतदानाहून परतलेल्या सुनेला "कोणाला दिलेस?" असे दरडावून विचारणारे घर तिची सद्सद्विवेकबुद्धी आपल्या ताब्यात घेऊ पाहते. अशा घरात दिसणारे एकमत हे पुष्कळदा नुसते मौन असते. मुले मान डोलावतात आणि मनातले बोलायला दुसरा उंबरठा शोधतात. कुटुंबाचे याहून मोठे नुकसान ते कोणते?

यावर एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. राजकारणाचा विषय निघाला की घरातील सर्वांत धाकट्याला प्रथम बोलू द्यावे आणि कर्त्या पुरुषाने सर्वांत शेवटी बोलावे. वडिलांचे मत आधी कानी पडले की धाकट्यांचे ओठ मिटतात. "हे चूक आहे" असे म्हणण्याआधी "तुला असे का वाटते?" हे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. इतके केल्यावरही मते जुळली नाहीत, तर तसेच एकत्र जेवायला बसावे. ज्या घरात निर्भयपणे 'नाही' म्हणता येते, त्या घरातील 'होय' विश्वासार्ह असते.