थांबण्याचे कर्तव्य

मनुष्याने कर्तव्य अखंड करीत राहावे, असे सांगणारे उपदेशक पुष्कळ आढळतात. परंतु कोणत्या क्षणी त्याने हात आवरावा, हे सांगणारा विरळा. शक्ती क्षीण झाली असताही कार्य रेटीत राहणे यास आपण निष्ठा म्हणतो. ही निष्ठा सर्वदा स्तुत्य आहे काय, हा प्रश्न यंत्रविद्येतील एका लहानशा योजनेने आपल्यापुढे ठेविला आहे.

वसई-विरारच्या रहिवाशांस पावसाळ्यातील विजेचा लहरीपणा परिचयाचा आहे. जुलै २०१८ मध्ये हा परिसर जलमय झाला, तेव्हा अनेक वस्त्या काळोखात बुडाल्या. काळोख त्रासदायक खरा. पण तो कोणास फसवीत नाही. विजेचा दाब पुरता नाहीसा न होता नुसता उतरतो, तेव्हाच खरे संकट उभे राहते. ५ व्होल्टांवर चालणाऱ्या मायक्रोप्रोसेसराचेच पाहा. दाब घसरला तरी तो कित्येकदा बंद पडत नाही, चालतच राहतो. मात्र आज्ञा भलतीच वाचतो, आणि स्मृतीत जपलेल्या खऱ्या आकड्यांवर खोटे आकडे लिहून ठेवतो. काळोखात हातचे काम थांबते. या संधिप्रकाशात पूर्वी केलेलेही नासते.

यास्तव त्याच्या शेजारी पहाऱ्याचे एक छोटे सर्किट बसवितात. पुरवठ्याबरोबर न ढळणारा असा एक मापदंड त्याच्यापाशी असतो. दाब सुमारे ४.६५ व्होल्टांखाली उतरला की ते मायक्रोप्रोसेसरास रीसेटची आज्ञा देऊन जागच्या जागी रोखून धरते. दाब पूर्ववत झाला तरी ते त्यास तत्काळ सोडीत नाही. सुमारे एकपंचमांश सेकंद वाट पाहते, आणि मगच आरंभापासून काम सुरू करू देते.

यातील मर्म असे की, पहारा ज्याच्यावर ठेवावयाचा, त्याच्याच हाती तो दिलेला नाही. जी बुद्धी क्षीण झाली, तिनेच आपल्या क्षीणतेचा निवाडा कसा करावा? क्रोधाने किंवा जागरणाने ग्रासलेला मनुष्य, आपण पूर्ण सावध आहोत, असे शपथेवर सांगेल. म्हणून मर्यादा ठरवावयाची ती चित्त स्वस्थ असताना, आणि राखावयाची ती दुसऱ्याच्या साहाय्याने.

यावर कोणी म्हणेल, आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या मातेने, शक्ती सरली म्हणून उठून जावे काय? आक्षेप बिनतोड दिसतो. तिने खुशाल बसावे. पण औषधाची मात्रा मोजण्याचे काम त्या घटकेस दुसऱ्याकडे सोपवावे. माया थकव्यातही शाबूत राहते, मोजमाप राहत नाही. थांबावयाचे ते निर्णयापासून, सेवेपासून नव्हे. शिवाय मर्यादा फार वर ठेवली, तर यंत्र क्षणोक्षणी अडेल. आणि मनुष्याच्या बाबतीत आळसास तत्त्वज्ञानाचे पांघरूण मिळेल. तेव्हा मर्यादा हवी, पण ती विवेकाने आखलेली.

घरातील कर्त्या माणसाने, शिक्षकाने, न्यायासनावर बसणाऱ्याने आपल्या विश्वासाच्या एखाद्या माणसास हा अधिकार आधीच देऊन ठेवावा: 'माझा तोल ढळलेला दिसला, तर मला थांबव.' अधिकार देणे सोपे आहे. त्या घटकेस त्याचे ऐकणे कठीण. यंत्रास रीसेटची आज्ञा मोडता येत नाही. मनुष्यास ती मोडता येते. म्हणूनच यंत्राचे थांबणे ही केवळ व्यवस्था होय, आणि मनुष्याचे थांबणे हे शील होय.