ड्यूटी-यादीत नसलेलं काम

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकाच वेळी उद्घाटन झालं. त्यांत वाशिमचं एक होतं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला हा जिल्हा. आजार वाढला की अकोला गाठायचं, नाहीतर नागपूर, ही इथल्या घराघरांतली रीत. त्यामुळे महाविद्यालयाचा आनंद खरा आहे. पण जिल्हा रुग्णालय त्याच्या कितीतरी आधीपासून शिकण्याची जागा आहे. एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंगच्या मुली तिथल्या वॉर्डांत, कारंजाच्या उपजिल्हा रुग्णालयात, तालुक्यांच्या ग्रामीण रुग्णालयांत पोस्टिंगवर येतात. त्यांना तिथे कोण शिकवतं, आणि शिकवणारीच्या पदरात त्या कामाचं काय पडतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

बाळंतपणानंतरचा पहिला तास घ्या. आपल्या देशात मातामृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रक्तस्राव आहे. बाळ झाल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन द्यायचं, पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पॅड आणि गर्भाशय पाहायचं, हे प्रत्येक विद्यार्थिनीच्या वहीत सुंदर अक्षरात लिहिलेलं असतं. पण आकसलेलं गर्भाशय हाताला कसं लागतं आणि सैल पडलेलं कसं, हे वहीतून कळत नाही. त्यासाठी लेबर रूममधल्या सिस्टरने मुलीचा हात धरून बाळंतिणीच्या बेंबीखाली टेकवावा लागतो. "लागलं का कडक? आता इथं पाय, इथं सैल आहे, चोळ जरा." बस्स, एवढंच शिकवणं. अर्ध्या मिनिटाचं. पुढे हीच मुलगी मानोऱ्याकडच्या एखाद्या उपकेंद्रात रात्री एकटी असेल, १०८ ची गाडी निघाली असेल पण पोहोचली नसेल, तेव्हा तिच्या हाताला ते अर्धं मिनिट आठवलं तर बाई वाचेल.

असं कितीतरी आहे. बीपी खाली येण्याआधी रुग्ण नुसता चुळबुळ करायला लागतो, चादर ओढतो, उगाच पाणी मागतो. हे ओळखणारी सिस्टर ते कुठल्या नियमाने ओळखते, हे तिलाही सांगता येणार नाही. सुजलेल्या हाताची शीर डोळ्यांनी सापडत नाही तेव्हा बोटाने शोधणं. घाबरलेल्या म्हाताऱ्याशी बोलत बोलत रायल्स ट्यूब घालणं. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी परिचारिका-अभ्यासिकेने १९८४ मध्ये नेमक्या याच ज्ञानावर पुस्तक लिहिलं. नवखी परिचारिका नियम पाळते, अनुभवी परिचारिका प्रसंग ओळखते, आणि ही ओळख केवळ प्रत्यक्ष रुग्णांजवळ वाढते, असं त्यांचं म्हणणं. हे ज्ञान एकीकडून दुसरीकडे जायला दोघी एकाच खाटेशेजारी उभ्या असाव्या लागतात. बोलण्याइतका वेळ हवा. आणि विचारायची भीती नको.

आता वॉर्डात प्रत्यक्ष काय घडतं ते रुग्णाचा नातेवाईक म्हणून दोन दिवस बसलेल्या कुणालाही दिसतं. कॉलेजची बस येते, मुलींचा घोळका वॉर्डात शिरतो. कुणाला कुणाचं नाव माहीत नसतं. "ए स्टुडंट" अशी हाक येते. एकीला रक्ताचे नमुने घेऊन लॅबमध्ये धाडलं जातं, दुसरीला स्टोअरमधून सलाईन आणायला, तिसरी चाळीस रुग्णांचं तापमान आणि बीपी लिहीत सुटते. काही विचारलं तर उत्तर येतं, "ते राहू दे वं, पहिले सगळ्यायचे बीपी घे." दुपारी ट्यूटर मॅडम येतात, प्रोसिजर बुक पुढे होतं, सह्या होतात. जे नुसतं लांबून पाहिलं तेही 'केलं' म्हणून नोंदवलं जातं. या सह्यांबद्दल आपण फार सहजपणे बोलतो. मला तो या सगळ्या व्यवहारातला सर्वांत गंभीर भाग वाटतो, कारण ती सही उद्याच्या रुग्णाला दिलेली हमी असते.

याचं खापर सिस्टरच्या स्वभावावर फोडणं सोपं आहे. जुन्या-नव्या परिचारिकांच्या नात्याबद्दल जगभर हेच बोललं जातं. ज्युडिथ माइस्नर यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत विचारलेला प्रश्न, आपण आपल्याच पिल्लांना खातो आहोत का, आजही तिथल्या नर्सिंगच्या वर्गांत फिरतो. आपल्याकडे त्याला सासुरवासाची रीत आहे: मी सोसलं, मग तू का नाही सोसणार? रुग्णासमोर मुलीला टाकून बोलणं, चूक सांगताना तिच्या कॉलेजचा, गावाचा उद्धार करणं, हे घडतं आणि ते थांबलंच पाहिजे. रुग्णासमोर अपमान झालेल्या मुलीच्या हातून तो रुग्ण पुढचं इंजेक्शन कशाला घेईल? पण स्वभावापाशी थांबलो तर मूळ कारण सुटतं. कारण हीच खेकसणारी सिस्टर रात्रपाळीत, वॉर्ड शांत असताना, चहाचा अर्धा कप पुढे करून मुलीला ईसीजीची पट्टी वाचायला शिकवते, हेही तितकंच खरं आहे. बाई तीच, मग सकाळी काय होतं?

सकाळी गणित आडवं येतं. शैक्षणिक रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि बिगरशैक्षणिक रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, हा भारतीय परिचर्या परिषदेचा कित्येक दशकांचा निकष. सरकारी रुग्णालयात एका पाळीत अख्ख्या वॉर्डाला एक किंवा दोन सिस्टर पाहायची आपल्याला सवय झाली आहे. तिच्याकडे औषधं, इंजेक्शनं, नवे दाखल, सुट्ट्या, राउंड, ऑनलाइन नोंदी, स्टॉकचं रजिस्टर आणि चिडलेले नातेवाईक. त्यात दहा मुली. विद्यार्थिनीला शिकवणं हे काम तिच्या ड्यूटी-यादीत नसतं, त्याला तास नाहीत, मानधन नाही, गोपनीय अहवालात रकाना नाही. ते काम ती करते तेव्हा स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतून करते. केलं नाही तर कुणी विचारत नाही. जे काम मोजलं जात नाही ते करणारीच्या मनःस्थितीवर सोडलेलं असतं, आणि मग आपण मनःस्थितीबद्दल तक्रार करतो.

दुसरी गोष्ट भीतीची. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. पुढे परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत अकरा रुग्ण दगावले. एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कुणाची चूक किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण या दोन घटनांनी राज्यातल्या प्रत्येक वॉर्डात एक समज पक्का केला: काही झालं तर हात प्रथम आपल्यापर्यंत येतो. अशा सिस्टरने आपल्या रुग्णाच्या शिरेत सुई घालायला दुसऱ्या वर्षाच्या मुलीला का द्यावी? ती म्हणते, "तू बघ, मी घालते." मुलगी तीन वर्षं बघत राहते आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी पहिल्यांदा घालते.

आणि तरीही याच मुलींच्या मनगटावर रुग्णालयं चालतात. २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा आपल्या मागण्यांसाठी राज्यातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा वॉर्ड सांभाळायला विद्यार्थिनींना उभं केलं गेलं. ज्यांना आदल्या आठवड्यात इंट्राकॅथ हातात मिळत नव्हतं, त्यांच्याच हवाली अख्खे वॉर्ड. शिवाय सिस्टर आणि स्टुडंट यांच्यात त्याने जी तेढ येते, ती संप मिटल्यावर मिटत नाही. शिकाऊ मुलींना फुकटचे हात समजण्याची ही खोड जुनी आहे. अमेरिकेत १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने ती उघड केली होती. ब्रिटनने १९८६ च्या 'प्रोजेक्ट २०००' नंतर विद्यार्थिनींना मनुष्यबळाच्या मोजणीतून बाहेर काढलं. आपल्याकडे भोर समितीने १९४६ मध्ये परिचारिकांची भयंकर टंचाई नोंदवली होती, त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. त्यानंतर आपण संस्था आणि जागा वाढवत गेलो. २०२३ च्या अर्थसंकल्पातही १५७ नवी नर्सिंग महाविद्यालयं जाहीर झाली. जागा वाढवणं सोपं. जिच्या खाटेशेजारी उभं राहून शिकायचं ती अनुभवी सिस्टर तशी वाढवता येत नाही.

वाशिमसारख्या जिल्ह्यात या नात्याला आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. इथे येणाऱ्या मुली बहुतेक सोयाबीन-तुरीच्या घरांतून आलेल्या, काही बंजारा तांड्यांवरून. पोहरादेवीच्या परिसरातून बाळंतपणाला आलेल्या सुनेला, तिच्या म्हाताऱ्या सासूला, कळा केव्हापासून येतात हे मराठीत नीट सांगता येत नाही तेव्हा वॉर्डातली सगळ्यांत कनिष्ठ मुलगी गोरमाटीत दोन प्रश्न विचारते आणि केसपेपर पूर्ण होतो. त्या क्षणी सिस्टर शिकते. बाई आधी कुठल्या दायीकडे जाऊन आली, कुठलं औषध घेतलं, घरात निर्णय कुणाचा, हे त्या मुलीला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. ज्या वॉर्डात स्टुडंटला नावाने हाक मारतात तिथेच ती असं काही पुढे होऊन सांगते. जिथे तिला कालच चारचौघांत झापलं आहे तिथे ती गप्प राहते, आणि तिचं गप्प राहणं रुग्णाला महागात पडू शकतं. औषधाचा डोस चुकतोय हे दिसूनही न बोलणारी विद्यार्थिनी हा वॉर्डातला सर्वांत मोठा धोका आहे.

उपाय अवघड नाहीत. बिहारमध्ये 'अमानत' कार्यक्रमात परिचारिकांच्याच जोड्या मार्गदर्शक म्हणून आरोग्य केंद्रांत जाऊन, तिथल्या परिचारिकांबरोबर काम करत करत शिकवत होत्या. शिकवणं हेच त्यांचं नेमून दिलेलं काम होतं, म्हणून ते झालं. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेने २०१८ मध्ये आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली: विद्यार्थिनीला रोज शिकवणारी वेगळी आणि तिचं मूल्यमापन करणारी वेगळी. गुण जिच्या हातात आहेत तिला अडाणी प्रश्न विचारायचं धाडस कोण करेल? शिवाय सही देण्याचं ओझंही शिकवणारीवरून उतरतं.

वाशिमला हे आत्ताच करता येईल. जिल्हा रुग्णालय आता शैक्षणिक रुग्णालय झालं आहे, म्हणजे निकष पाचाला एकवरून तिनाला एकवर आला आहे. दरवर्षी एमबीबीएसचे शंभर विद्यार्थी येणार, तेही त्याच खाटांभोवती उभे राहणार, आणि नर्सिंगची मुलगी खाटेपासून आणखी एक पाऊल मागे सरकणार. नव्या महाविद्यालयाची पदं टप्प्याटप्प्याने भरली जातात. अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक, अधिसेविका आणि नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी त्याआधी एकत्र बसावं. प्रत्येक वॉर्डात प्रत्येक पाळीला एक शिकवणारी सिस्टर नेमावी, तिच्याकडचे रुग्ण त्या पाळीत कमी करावेत, तिच्या हाती तीन-चारच मुली द्याव्यात, त्या मुलींची नावं ड्यूटी-यादीत तिच्या नावाखाली लिहावीत, आणि खासगी महाविद्यालयांकडून प्रशिक्षणासाठी येणाऱ्या शुल्कातला वाटा या सिस्टरला मिळावा. प्रोसिजर बुकात 'पाहिलं' आणि 'स्वतः केलं' असे दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि खोटी सही कुणी मागू नये, कुणी देऊ नये. ज्यासाठी मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही असा भाग यात बराच आहे. तो येत्या बॅचपासून सुरू करावा.