न टोचणारं मन

‘माझं मन मला खात नाही, म्हणजे माझं काही चुकलेलं नाही,’ असं आपण सहज म्हणून जातो. हा पुरावा किती पक्का आहे, ते मोटारीच्या एका साध्या चाचणीवरून कळतं. इंजिनातलं तापमान साधारण १,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन झपाट्याने एकत्र येतात. त्यातून होणारे वायू फुप्फुसांना जाचतात. म्हणून धुराचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनातच सोडतात, म्हणजे ज्वलन थंडावतं. जुन्या, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची परीक्षा घेताना मेकॅनिक त्याला हातपंप जोडतो आणि आयडलिंगवरच तो उघडतो. इंजिन अडखळलं, थरथरलं, बंद पडलं, तर यंत्रणा ठीक. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह तरी बिघडलाय किंवा वाट काजळीने बुजलीय. तिथे शांत चालणं हेच दुखण्याचं लक्षण!

मनाचंही असंच आहे. पहिल्या खोटेपणाला जी टोचणी लागते ती शंभराव्याला लागत नाही. चूक तीच असते, काजळी वाढलेली असते. शाकुंतलात दुष्यंत म्हणतो, शंकेच्या जागी सज्जनांच्या अंतःकरणाचा कौल प्रमाण. त्यातली ‘सज्जनांच्या’ ही अट आपण सोयीने गाळतो. तोच दुष्यंत पुढे भर दरबारात शकुंतलेला नाकारतो, आणि आपण खरंच बोलतोय असं त्याला वाटत असतं. म्हणून मनाची परीक्षा मुद्दाम घ्यावी लागते. आपल्या कृतीचा धूर आपल्याच आत सोडायचा आणि आपण अडखळतो का, ते पाहायचं.

मग सदा अपराधी वाटणारा माणूसच शुद्ध म्हणायचा का? नाही. व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी इंजिन कायम थरथरतं, तोही बिघाडच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मनाचा भरवसा नसेल तर नियम आहेत, तपासण्या आहेत, तेवढं पुरे. पण तपासणी विचारलेल्या प्रश्नापुरतीच असते. ठाण्यात टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीच्या दर्शनाची रांग लागते आणि जवळूनच गाड्या सरकत असतात. त्यातल्या एखाद्या डिझेल गाडीचा ईजीआर मालकाने पिकअपसाठी पत्रा मारून बंद केला असेल, तरी तिला प्रदूषण तपासणीचं पीयूसी प्रमाणपत्र मिळू शकतं. त्या चाचणीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. आणि ईजीआर बंद केला की काळा धूर उलट कमीच होतो.