घराण्याचे विहार



वरोऱ्याजवळच्या एका वस्तीत विहारासाठी एका कुटुंबाने जागा दिली. आता पाटी त्यांच्याच नावाची हवी आणि किल्लीही त्यांच्याच घरी राहावी, असा त्यांचा आग्रह आहे. मला त्यांनी विचारले, "गुरुजी, यात गैर काय? दान तर आम्हीच दिले." प्रश्न खोटा नाही. म्हणून आज घराण्यांच्या विहारांविषयी बोलतो.

जपानात सामुराई घराण्यांची आपापली बौद्ध मंदिरे असत. त्यांना 'बोदाइजी' म्हणतात. यातले 'बोदाइ' म्हणजे आपली 'बोधि'च. पूर्वजांच्या समाध्या तेथे, त्यांच्यासाठी सूत्रपठणही तेथेच. तोकुगावा घराण्याचे झोजोजी टोकियोत आहे. सहा शोगुनांच्या समाध्या तेथे आहेत. याच राजवटीने सतराव्या शतकात प्रत्येक घराची नोंद एखाद्या मंदिरात सक्तीची केली, कोणी ख्रिस्ती नाही ना हे पाहण्यासाठी. श्रद्धेची जागा सरकारी दप्तर झाली!

पण इतके दूर कशाला? आपल्या अजिंठ्याचे सोळावे लेणे घ्या. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ते वराहदेवाने कोरविले. तो वाकाटक राजा हरिषेणाचा सचिव. त्याचा बाप हस्तिभोज हाही वाकाटकांचाच सचिव. ही वाकाटक शाखा वत्सगुल्माची, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या वाशिमची. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यातही या सचिव-घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. म्हणजे नावाची हौस त्यांनाही होतीच. मी ती लपवीत नाही.

मात्र अजिंठ्याचा लेख काय सांगतो? आयुष्य, तारुण्य, धन आणि सुख टिकणारे नाही हे ओळखून वराहदेवाने आईवडिलांच्या पुण्यासाठी हे निवासस्थान करविले, तेही भिक्षूंना राहण्यासाठी. लेख कोठे आहे, तेही पाहून या. ओसरीबाहेर, डाव्या भिंतीवर. आत भिक्षूंच्या खोल्या आणि गाभाऱ्यात बुद्ध. घराण्याचे नाव बाहेर राहिले, संघ आत राहिला. कोणी भिक्षू दार उघडायला वराहदेवाच्या वाड्यावर जात असेल, असे मला तरी वाटत नाही.

हे सगळे मी त्या कुटुंबाला सांगितले. घरातल्या आजी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आईचे बोट धरून चांद्याच्या दीक्षेला गेलेल्या. त्या म्हणाल्या, "मग पाटी बाहेरच्या भिंतीला लावा." मुलगा काही बोलला नाही. किल्लीचे अजून ठरायचे आहे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर बैठक आहे, बायामाणसांनीही यावे.