पितरांच्या पानातलं माडगं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, जयंतीच्या अंकासाठी चार शब्द लिहा, असं मंदिराच्या मंडळींनी सांगितलं. मी काही कीर्तनकार नाही. कामशेतहून लोकलने लोणावळ्याला जा-ये करून बँकेत कारकुनी केली, त्यातच उभी हयात गेली. तेव्हा जे सांगेन ते जमा-नावेच्या भाषेत येईल. गोड मानून घ्यावं.

श्रीगुरुचरित्राच्या पाचव्या अध्यायात श्रीपाद श्रीवल्लभांच्या जन्माची कथा आहे, ती आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पीठापूरला आपळराज आणि सुमती हे दांपत्य. घरी अमावास्येचं श्राद्ध. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण अजून जेवायचे होते. तेवढ्यात दारात एक अतिथी भिक्षेला येऊन उभा राहिला. श्राद्धाचं अन्न ब्राह्मण जेवण्याआधी दुसऱ्याला द्यायचं नाही, हा रिवाज. पण त्या माउलीने भुकेल्याला परत पाठवलं नाही, भिक्षा वाढली. तो अतिथी म्हणजे साक्षात दत्तात्रेय! त्या भिक्षेने प्रसन्न होऊन महाराज तिच्या पोटी आले.

आता विचार करा, महाराज दारी आले ते कोणत्या दिवशी? श्राद्धाच्या. त्यांनी मागितलं काय? अन्न. ही कथा मी सप्ताहात किती वेळा वाचली असेल, त्याची गणती नाही. अर्थ मात्र साठी उलटल्यावर कळला. तो कसा कळला, ते सांगतो.

आमचा मावळ पावसाचा. चार महिने अंगावरचं कांबळं वाळत नसे. चुलीचा धूर, ओल, सर्दी-पडसं, हिवताप हे घरोघरी. दवाखाना लांब. मग आजीचा दवाखाना चुलीपाशीच असे. तापातून उठलेल्याला आंबेमोहोराच्या कण्यांची पेज, मीठ आणि तुपाचा थेंब घालून. उन्हाळ्यात नाचणीची ताकातली आंबील. बाळंतिणीला अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाजरीची भाकरी. आणि छाती भरली की हुलग्याचं माडगं. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ. सातवीत मला विषमज्वर झाला होता. पुढे अंगात त्राण नव्हतं, तेव्हा आजी आणि आई यांनी पेज पाजून पाजून मला उभं केलं.

२००९ च्या मार्चमध्ये आई अंथरुणाला खिळली. वय झालं होतं, खोकला जात नव्हता. एक दिवस म्हणाली, "बाळा, वाईच माडगं मिळंल का रं?" बँकेत वर्षअखेर चालू होती. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत खाती जुळवत बसायचो. पत्नी शाळेत नोकरीला, तिलाही सवड नाही आणि माडगं तिला येतही नव्हतं. मी येताना औषधाच्या दुकानातून ताकदीच्या पावडरीचा डबा आणला, गरम दुधात कालवून दिला. आईने मुकाट्याने घेतला. वर मलाच म्हणाली, "असू दे. तुझा मार्च हाय."

३१ तारखेला आमच्या शाखेची खाती पैशापर्यंत जुळली. ४ एप्रिलला आई गेली.

त्यानंतर दर पितृपक्षात मी तिचं श्राद्ध केलं. आमच्याकडे त्याला म्हाळ म्हणतात. खीर, वडे, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी, काही कमी नाही. पण सगळं बाहेरून सांगितलेलं, डब्यातून आलेलं. गुरुजींची दक्षिणा वेळेवर. कावळ्याला घास, गाईला घास. तरी पानापाशी हात जोडले की मनात एकच यायचं, एक नोंद राहिली आहे.

पुढे पत्नीही गेली. तीन वर्षांपूर्वी नातू झाला. सूनबाई विदर्भातली. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. थंडीचे दिवस. बाळाला आणि तिला, दोघांना सर्दी. तिने सहज विचारलं, "बाबा, तुमच्याकडे बाळंतिणीला काय देतात? आजी काय करायच्या?" मला उत्तर देता येईना. मी ते खाऊन वाढलो, पण कसं करतात हे कधी चुलीपाशी बसून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पवनेकडच्या आमच्या गावी गेलो. चुलती चौऱ्याऐंशी वर्षांची, अजून हिंडतीफिरती. तिने हुलगे भाजून जात्यावर भरडून दाखवले, फोलपटं पाखडली, पीठ केलं. मी जुन्या लेजरच्या कोऱ्या पानावर लिहायला बसलो. विचारलं, "काकी, पीठ किती ग्रॅम?" ती हसली. "आरं, गिराम कसलं? पिणाऱ्याचं त्वांड बघायचं आन् मूठ भरायची!" पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, हात थांबवायचा नाही. मग गूळ, सुंठ, किसलेलं सुकं खोबरं, चिमूट मीठ. वास सुटला आणि मला रडू आलं. आईच माजघरात आहे असं वाटलं.

घरी येऊन स्वतः माडगं केलं. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, दुसऱ्यांदा जमलं. सूनबाईने वाटी रिकामी केली. त्या रात्री पाचवा अध्याय पुन्हा उघडला, तेव्हा कथा डोळ्यांपुढे उभी राहिली.

शास्त्राने माणसावर तीन ऋणं सांगितली आहेत, देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. बँकेत कर्ज ज्याचं त्याच्याच खात्यात भरावं लागतं. पितृऋणाचा हिशेब वेगळा. देणारा निघून गेलेला असतो. आईची पेज आईला परत करता येत नाही. ती पुढच्या दुबळ्याच्या, आजाऱ्याच्या, भुकेल्याच्या वाटीत भरायची, म्हणजे मागच्या खात्यात जमा होते. सुमतीमातेने हेच केलं.

अलीकडे कित्येक जण पितृदोषाच्या भीतीने खचलेले भेटतात. हा विधी करू की तो, विचारतात. भक्तहो, पितर म्हणजे काही वसुली अधिकारी नव्हेत. ज्यांनी आपल्याला रात्र रात्र जागून पेज पाजली, ते आपलं वाईट कशाला करतील? विधी जरूर करा, पण श्रद्धेने करा. श्राद्ध हा शब्दच श्रद्धेवरून आला आहे.

आपल्या मावळात इंद्रायणी तांदूळ पिकतो. १९८७ च्या सुमारास तो इथल्याच भात संशोधनातून आला. आंबेमोहोर उंच वाढायचा, वाऱ्यापावसात लोळायचा, उतारा कमी. इंद्रायणी नवीन, पण तिच्या अंगी आंबेमोहोराचा अंश आहे, म्हणून भात शिजला की तो वास येतो. आपलंही तसंच असावं. काळाप्रमाणे बदलावं, पण वाडवडिलांचा सुगंध जाऊ देऊ नये.

एक मात्र सांगतो. पेज आणि माडगं हे डॉक्टरांच्या गोळीला पर्याय नाहीत. हुलगा उष्ण, गुळाने साखर वाढते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी विचारून घ्यावं. मी स्वतः अर्धी वाटीच घेतो, तीही बिनगुळाची.

त्या वर्षीच्या म्हाळाला स्वयंपाक घरीच केला. आईच्या पानात माडग्याची वाटी ठेवली. गुरुजींना विचारलं, चालेल का? ते म्हणाले, "गेलेल्याला जे आवडत होतं ते वाढावं." शेजारी एक म्हातारबाबा एकटेच राहतात, खोकल्याने बेजार. दुसरी वाटी त्यांच्याकडे नेऊन दिली. राहिलेली नोंद पुरती फिटली असं म्हणत नाही. पण पहिला हप्ता भरला.

मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी जन्माचा गुलाल उधळला की आपल्या हातावर सुंठवडा पडतो. सुंठ, खोबरं, साखर. हे थंडीतल्या बाळंतिणीचंच खाणं. अनसूयामातेच्या बाळंतपणाचा तो प्रसाद आपण लहानथोर सगळे खातो. नरसोबाच्या वाडीच्या कथेत महाराजांनी गरिबाच्या दारच्या वेलीवरचा घेवडा गोड मानून घेतला, तो आजही नैवेद्यात असतो. आपल्या दैवताला साधं घरचं अन्नच प्रिय आहे.

यंदा सुंठवडा हातावर घेताना एवढं करा. घरात जी वडीलधारी बाई असेल, आई, आत्या, चुलती, तिच्यापाशी बसा. आजारपणात काय करायचात, विचारा. लिहून घ्या आणि एकदा स्वतःच्या हाताने करा. ती आहे तोवर विचारा. मार्च दरवर्षी येतो, आई परत येत नाही.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥