श्रद्धा : शब्दार्थ आणि आचार

‘श्रद्धा’ हा शब्द ‘श्रत्’ आणि ‘धा’ या दोन अंगांनी सिद्ध होतो. ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे, याविषयी वाद नाही. ‘श्रत्’विषयी मात्र दोन पक्ष आहेत. निघंटूत हा शब्द सत्याच्या नामांत पठित आहे व यास्काचार्यांनी तोच अर्थ घेतला आहे. त्या पक्षी सत्याच्या ठायी ठेवणे ती श्रद्धा. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ ‘श्रत्’चा संबंध हृदयवाचक प्राचीन शब्दाशी जोडतात आणि लॅटिनमधील ‘क्रेडो’ हा त्याचाच सहोदर मानतात. त्या पक्षी हृदय ठेवणे ती श्रद्धा.

‘मत’ हा शब्द ‘मन्’ धातूपासून झाला आहे. मत मनात राहू शकते. श्रद्धेत ठेवण्याची क्रिया असल्याने ती आचाराविना पूर्ण होत नाही. सूत्रपाठात ‘विचार’ आणि ‘आचार’ ही दोन्ही प्रकरणे आहेत, त्यांतील मर्म हेच होय.

याचे उदाहरण महाड तालुक्यात मिळते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने केला. पुढील वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळ्यासाठी तसाच ठराव केला. परंतु ते मतच राहिले. तळ्यावर ओंजळ भरली गेली नाही. सावित्रीकाठच्या दासगावी वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे महाडच्या परिषदेच्या संघटकांपैकी एक. त्या परिषदेनंतर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्यासह आलेला समुदाय तळ्याचे पाणी प्याले. तेव्हा कागदावरचे मत आचारात आले.

येथे पूर्वपक्ष असा : ज्यांनी मागाहून पंचगव्याने तळ्याचे शुद्धीकरण केले, त्यांनीही मानले तसे आचरिले. मग त्यांची श्रद्धा उणी कशी म्हणावी?

याचे समाधान शब्दातच आहे. त्यांनी हृदय ठेवले खरे, पण ते सत्याच्या ठायी नव्हे. ज्या रूढीचा आधार सांगितला गेला, तिचा दावा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयातही टिकला नाही. दृढता हे हृदयाचे लक्षण आहे; ते सत्याचे प्रमाण नव्हे. म्हणूनच गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीकृष्ण भगवंतांनी श्रद्धा त्रिविध सांगितली. श्रद्धा तामसही होऊ शकते, हे ध्यानी न घेता केवळ निष्ठेची स्तुती करणे धोक्याचे आहे.

रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंनी मातंगांच्या पाण्याची सोय केली, ही लीळा संप्रदायात परिचित आहे. ती वाचून ज्याचे हृदय द्रवते, पण ज्याच्या दारचा पाणवठा पंक्तिभेद पाळतो, त्याच्याजवळ मत आहे, श्रद्धा नाही. एवंच, ‘श्रत्’चे दोन्ही अर्थ एकत्र घ्यावेत : हृदय ठेवावे, ते सत्याच्या ठायी ठेवावे, आणि ठेवल्याची साक्ष आचाराने द्यावी.